शोधात सापडायचं तर

रत्नागिरीचा एखादा बागायतदार हापूसच्या पेटीचा भाव, वजन, कुठल्या गावांत पोचवणार हे सगळं एका रंगीत पोस्टरवर छापतो आणि तेच चित्र वेबसाइटवर चढवतो. पानाचं शीर्षक? ‘होम’. गिऱ्हाईक मात्र गूगलवर ‘रत्नागिरी हापूस घरपोच पुणे’ असं शोधतं. शोधयंत्राचा क्रॉलर दुव्यांवरून पानोपानी फिरतो आणि मजकुरातल्या शब्दांची सूची करतो. चित्रातली अक्षरं त्याच्या हाती नीट लागतीलच असं नाही. हीच माहिती साध्या मजकुरात, नेमक्या शीर्षकाखाली लिहिणं हा एसईओचा, म्हणजे शोधयंत्रात पान सापडावं म्हणून केलेल्या कामाचा पाया. या कामावरचा खर्च मला जाहिरातीपेक्षा शहाणपणाचा वाटतो. पैसे थांबले की जाहिरात त्याच दिवशी उतरते. चांगलं पान पुढेही गिऱ्हाईक आणत राहतं.

दुसरी बाब विश्वासार्हतेची. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक या पद्धतीत पानाचं वजन इतर पानांकडून येणाऱ्या दुव्यांवर ठरतं. क्रमांक वाढवण्यासाठी घेतलेले विकतचे दुवे गूगलच्या नियमांत बसत नाहीत, म्हणून असे दुवे देऊन ‘आठवड्यात पहिला नंबर’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. नवं पान वर यायला अनेकदा काही महिने जातात. आंबा एप्रिलमध्ये विकायचा, तर पान दिवाळीच्या सुमारास तयार हवं.