प्रोटिस्टा: ‘इतर’ रकान्यातले सजीव

शाळा-कॉलेजात पंचसृष्टी पद्धती शिकून झाली, की प्रोटिस्टा म्हणजे अमिबा, पॅरामेशियम आणि युग्लीना एवढेच डोक्यात उरते. या सजीवांबद्दलचे काही पक्के बसलेले समज तपासून पाहू.

गैरसमज: प्रोटिस्टा हे एकाच कुळातले सजीव आहेत.

वस्तुस्थिती: धड वनस्पती नाहीत, धड प्राणी नाहीत, अशा सजीवांसाठी अर्न्स्ट हेकेलने १८६६ मध्ये ही तिसरी सृष्टी मांडली. तेव्हा तिच्यात जीवाणूही होते. रॉबर्ट व्हिटेकरच्या १९६९ च्या मांडणीत जीवाणू मोनेरात गेले, कवकांना स्वतंत्र सृष्टी मिळाली आणि उरलेले, मुख्यतः एकपेशीय, दृश्यकेंद्रकी सजीव प्रोटिस्टात राहिले. थोडक्यात, अर्जातल्या ‘इतर’ रकान्यासारखी ही सोय आहे. त्यात शेजारी बसलेल्यांचे नाते जवळचे असेलच असे नाही. अमिबा पॅरामेशियमपेक्षा प्राण्यांना अधिक जवळचा आहे.

गैरसमज: हे सगळे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

वस्तुस्थिती: कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत वाढणारे मॅक्रोसिस्टिस हे तपकिरी शैवाल ४५ मीटरपर्यंत लांब होते. व्हिटेकरने तपकिरी शैवालांना वनस्पतींत बसवले होते. पण त्यांचे खरे सोयरे म्हणजे डायटम, काचेसारखे सिलिकाचे कवच असलेले एकपेशीय शैवाल. डोळ्यांना न दिसणारे हे डायटम पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा उचलतात.

गैरसमज: हिरवे ते वनस्पतींच्या बाजूचे, बाकीचे प्राण्यांच्या बाजूचे.

वस्तुस्थिती: मलेरियाचा प्लाझमोडियम रक्तपेशींत राहतो, हिरवा तर मुळीच नाही. तरी त्याच्या पेशीत हरितलवकाचा एक अवशेष आहे, तोही लाल शैवालाकडून आलेला. त्यात प्रकाशसंश्लेषण होत नाही, पण तिथे तयार होणाऱ्या काही रेणूंवाचून परजीवी जगत नाही. जीवाणूंसाठीचे डॉक्सिसायक्लिन मलेरियाच्या प्रतिबंधासाठीही दिले जाते, कारण ते याच अवशेषावर घाव घालते. प्लाझमोडियमचे नातलगही अनपेक्षित आहेत. कोकण किनाऱ्यावर कधी कधी रात्री निळसर चमकणाऱ्या लाटा दिसतात. ही चमक ज्या नॉक्टिल्युका या प्रोटिस्टाची असते, तो प्लाझमोडियमच्याच मोठ्या गटातला.

गैरसमज: द्राक्षावरचा डाऊनी म्हणजे बुरशीच.

वस्तुस्थिती: नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला डाऊनी आणि भुरी या दोन्ही रोगांची नावे पाठ असतात. भुरी ही खरी बुरशी. डाऊनी आणणारा प्लाझमोपारा मात्र ऊमायसीट गटातला, म्हणजे डायटम आणि तपकिरी शैवालांच्या गोतावळ्यातला. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, त्याच्या भित्तिकेत सेल्युलोज. १८४५ पासून आयर्लंडमधला बटाटा नासवून दुष्काळ ओढवणारा फायटोप्थोराही याच गटातला. फवारणीला याचा थेट संबंध आहे. भुरीवर वापरले जाणारे हेक्झाकोनॅझोल बुरशीला लागणारे एर्गोस्टेरॉल बनू देत नाही. एर्गोस्टेरॉल स्वतः न बनवणाऱ्या डाऊनीवर या औषधाचा मारा वाया जातो. उलट डाऊनीवरचे मेटॅलॅक्झिल भुरीला रोखत नाही.

गैरसमज: पंचसृष्टी हा वर्गीकरणाचा शेवटचा शब्द.

वस्तुस्थिती: डीएनएच्या तुलनेतून आता दृश्यकेंद्रकी सजीवांचे काही महागट मानले जातात. डायटम, डाऊनी, प्लाझमोडियम आणि पॅरामेशियम एका महागटात येतात; हिरवी व लाल शैवाले आणि वनस्पती दुसऱ्यात; प्राणी आणि बुरशी तिसऱ्यात. महागटांच्या सीमा अजून बदलत आहेत, प्रोटिस्टा हे नाव मात्र सोयीपुरते टिकून आहे. या नव्या वंशावळीनुसार वेलीवरची भुरी डाऊनीपेक्षा बागायतदाराचीच जवळची नातलग ठरते.