दुकान हलवायचे की दारू हटवायची?

शहराचा एखादा भाग सुधारला, की तिथल्या नव्या रहिवाशांच्या डोळ्यांत सर्वांत आधी काय खुपते? देशी दारूचे दुकान! दारू खुपत नाही, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. त्याच रस्त्यावर काचेचा दरवाजा लावून, एसी बसवून परमिट रूम सुरू झाली, तर तिच्या पाटीवर 'फॅमिली रेस्टॉरंट' लिहिले जाते आणि त्याच कॉलनीतले लोक तिथे वाढदिवस साजरे करतात. खुपते ते देशीचे दुकान आणि त्याच्यासमोर उभा राहणारा, घामाने कपडे मळलेला माणूस. दारू एकच, पण पिणाऱ्याचा वर्ग बदलला की तिची इज्जत बदलते. आणि आपल्या देशात वर्गाच्या मागे जात उभी असते, हे आंबेडकरी वाचकाला नव्याने सांगायची गरज नाही.

धुळ्याच्या देवपुरात हा फरक उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळतो. पांझरेच्या दक्षिणेला इंग्रजांच्या काळात आखलेल्या पेठा आणि नंबरच्या गल्ल्या, तर उत्तर काठावर देवपूर. एकवीरा देवीच्या मंदिरामुळे ओळखले जाणारे हे गाव. पुढे इथे जयहिंद कॉलेज आले, श्री शिवाजी विद्याप्रसारक संस्थेची कॉलेजे आली. कॉलेजांच्या मागोमाग प्राध्यापक, शिक्षक, बँकवाले, सरकारी नोकरदार यांच्या कॉलन्या उभ्या राहिल्या. आता वाडीभोकर रोडने गेले तर क्लासेस, दवाखाने, अपार्टमेंट आणि प्लॉटच्या जाहिराती यांनी रस्ता भरलेला दिसतो. या कॉलन्यांत आमचेही लोक आहेत. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या शिक्षणाच्या आणि राखीव जागांच्या हक्कावर वस्तीतून निघून बंगल्यात गेलेले आमचे भाऊ-बहिणी इथे राहतात. त्यांचा आम्हाला अभिमानच आहे. म्हणूनच आजचे चार शब्द त्यांनाही उद्देशून आहेत.

याच भागातल्या एका जुन्या देशी दुकानावर आम्ही एका संध्याकाळी मुद्दाम गेलो. प्यायला नाही, पाहायला. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' अशी रंग उडालेली पाटी. आत बसायला बाक नाही, खुर्ची नाही. लोखंडी जाळी आणि जाळीला हात जाईल एवढी खिडकी. पैसे आत, बाटली बाहेर. बाजूला हातगाडीवर फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली अंडी, पाण्याचे पाऊच. गिऱ्हाईक उभ्या उभ्या प्लॅस्टिकच्या ग्लासात ओततो, नाक मुरडून एका दमात घशाखाली घालतो, चिमूटभर मीठ चाटतो आणि निघतो. सगळा कारभार पाच मिनिटांचा. इथे कोणी मौज करायला आलेला आम्हाला दिसला नाही. औषध घ्यावे तसे लोक घेत होते.

कोण होते हे लोक? बांधकामावरचे मजूर, हमाल, हातगाडीवाले, गटारीत उतरून आलेला एक सफाई कामगार. त्याला आम्ही विचारले, दादा, रोज घेता का? तो आमच्याकडे न पाहताच म्हणाला, "आंग दुखस भाऊ, घेतल्याबिगर झोप येत नही." दिवसभर इतरांची घाण उपसणाऱ्या माणसाला रात्री अंग दुखू नये, यासाठी या समाजाने त्याला काय दिले? यंत्र दिले नाही, हातमोजे दिले नाहीत, बढती दिली नाही. संध्याकाळी ही जाळीची खिडकी मात्र वेळेवर उघडी ठेवली.

दुकानापासून काही अंतरावर धुणीभांडी करून परतणाऱ्या दोन भगिनी भेटल्या. दुकान इथून उठवावे असे कॉलनीवाले म्हणतात, तुम्हाला काय वाटते, असे विचारताच त्यातली वयस्कर बाई म्हणाली, "उठाडीसन कोठे लई जातीन? आम्हना दारशीच ना?" उचलून नेतील कुठे? आमच्याच दाराशी ना? हजार पानांच्या अहवालात सापडणार नाही एवढे शहाणपण त्या एका प्रश्नात आहे.

कारण होते नेमके तेच. कॉलनी निवेदन देते, पुढारी फोन करतो, आणि दुकानाचे 'स्थलांतर' होते. परवाना जिवंत राहतो, फक्त पत्ता बदलतो. नवा पत्ता कधी पुढाऱ्याच्या बंगल्याशेजारचा असतो का? तो असतो वस्तीच्या तोंडाशी, जिथे निवेदन लिहिणारा वकील नाही आणि फोन उचलणारा साहेब नाही. पूर्वी आम्हाला गावकुसाबाहेर ठेवले. आता गावाला नको असलेली वस्तू आमच्या कुसात आणून ठेवली जाते, एवढाच काय तो फरक!

कायदाही कोणाच्या हाताला लागतो ते पाहा. मार्च 2025 मध्ये राज्य सरकारने विधानसभेत जाहीर केले, की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात दारूचे नवे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना हरकत पत्र लागेल. निर्णय चांगला आहे. पण ज्या वस्तीत सोसायटीच नाही, सातबाराही नाही, तिथल्या बाईने ना हरकत पत्र कोणत्या कागदावर नाकारायचे? नोंदणीकृत माणसाला हरकत घेता येते, बिननोंदणीच्या माणसाने फक्त सोसायचे.

गरिबाच्या बाईसाठी एक कायदा जरूर आहे, तो म्हणजे 2008 चा 'आडव्या बाटली'चा आदेश. गावातल्या किंवा प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी अर्ज केला, तर गुप्त मतदान घ्यावे लागते आणि 50 टक्क्यांहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. हे हत्यार मोलाचे आहे. पण त्यात एक मेख आहे. हे 50 टक्के मतदानाला आलेल्यांचे नव्हेत, यादीतल्या एकूण महिलांचे धरले जातात. जी बाई त्या दिवशी कामावर गेली, ऊसतोडीला गेली, माहेरी गेली किंवा जिला नवऱ्याने घराबाहेर पडू दिले नाही, ती न येताच उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आमदार निवडायला निम्म्या मतदारांचा होकार लागत नाही, गुत्ता बंद करायला मात्र लागतो!

आणि सरकारला गुत्ता बंद व्हावा असे वाटते का? 10 जून 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने दारूवरील कर वाढवले आणि त्यातून वर्षाला 14 हजार कोटी रुपये जादा मिळतील असा हिशेब मांडला. देशीच्या 180 मिलीच्या बाटलीची किमान किंमत ठरली 80 रुपये. आता हिशेब आपणही करू. रोज एक बाटली घेणाऱ्या मजुराच्या घरातून महिन्याला 2,400 आणि वर्षाला 29,200 रुपये जातात. एवढ्यात एका पोराची फी, वह्या-पुस्तके आणि खोलीचे भाडे निघते. म्हणजे आमच्या घरातून निघालेला पैसा सरकारी तिजोरीत जातो आणि आमच्या पोरांची शिष्यवृत्ती तिजोरीत पैसा नाही म्हणून रखडते.

हा प्रश्न आजचा नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुल्यांनी 1880 मध्ये शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. सत्यशोधकाला दारूचे दुकान हा सामाजिक प्रश्न वाटला, तो तेव्हापासून. महाडला डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेबांनी भगिनींना बजावले, की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा 17 वी आहे, आणि पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. पण याच बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या 1951 च्या जाहीरनाम्याने सरकारी दारूबंदीला स्पष्ट विरोध केला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? बंदीमुळे महसूल बुडतो आणि दारू घराघरांत गाळली जाऊ लागते, असे त्याचे म्हणणे होते. वरवर विसंगत वाटणाऱ्या या दोन भूमिकांत एकच सूत्र आहे. बाबासाहेबांनी दारू सोडण्याचे काम पोलिसाच्या दंडुक्यावर सोपवले नाही, माणसाच्या स्वाभिमानावर सोपवले. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये आलेली बंदी 2021 मध्ये उठवावी लागली. मालवणीत 2015 मध्ये विषारी दारूने शंभरावर गरीब मेले. वरून लादलेली बंदी आणि चोरटी दारू यांच्या कचाट्यात मरतो तो गरीबच.

खानदेशाला तर बाहेरून धडा आणायची गरजच नाही. 1930 च्या दशकाच्या अखेरीस तळोद्याकडच्या मोरवडचे गुलाम महाराज उभे राहिले आणि त्यांच्या शब्दावर हजारो भिल्ल बांधवांनी दारू सोडली. एकमेकांना 'आप' म्हणा, असे त्यांनी शिकवले. ज्याला सगळे 'अरे-तुरे' करत होते, त्याला 'आप' म्हणवून घेता आले आणि त्याच्या हातातला प्याला सुटला. पुढे 1972-73 मध्ये शहाद्याच्या आदिवासी भगिनींनी गुत्त्यांवर चाल करून दारूची मडकी फोडली. त्यांनी गुत्ता शेजारच्या पाड्यावर ढकलला नाही, फोडला. कॉलनीच्या निवेदनात आणि शहाद्याच्या मोर्चात हा फरक आहे.

इंग्लंडमध्ये मोहल्ल्यातले जुने पब वाचवण्यासाठी लोक एकत्र येतात. लंडनच्या ननहेड भागातला आयव्ही हाऊस हा पब 2013 मध्ये रहिवाशांनी शेअर काढून स्वतःच विकत घेतला. आमचे काही सुशिक्षित मित्र अशी उदाहरणे देऊन म्हणतात, की देशीचे दुकान हीसुद्धा गरिबांची भेटण्याची जागा आहे, ती कशाला मोडायची? त्यांना आमचे उत्तर असे : तिथे बसायला खुर्ची आहे, गप्पा आहेत, गाणे आहे. इथे जाळी आहे. जिथे माणसाला बसूही दिले जात नाही, ती भेटण्याची जागा कशी? तरीही त्यांच्या बोलण्यातला एक भाग खरा आहे. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी जाण्यासाठी कुठलेतरी उघडे दार हवे असते. 1929 मध्ये चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना टांग्यात घ्यायला नकार दिला. दारूच्या दुकानाने मात्र आमच्या पैशाचा विटाळ कधी मानला नाही. गुत्त्याचे दार सताड उघडे आणि आमच्या बुद्धविहाराचे दार रविवार सोडून कुलूपबंद, हे चित्र आम्ही किती दिवस पाहणार आहोत?

म्हणून देवपुरातल्या आणि साऱ्या खानदेशातल्या बांधवांना आमचे सांगणे आहे. कॉलनीत राहणाऱ्या भावांनो, दुकान हटवण्याच्या निवेदनावर सही जरूर करा, पण त्यात एक ओळ घाला : हा परवाना दुसऱ्या कोणत्याही वस्तीत नेऊ नये, तो रद्द करावा. ही ओळ घालायला शेजारी तयार नसतील, तर त्यांना दारू नको आहे की गरीब नको आहेत, ते तिथेच कळेल. वस्तीतल्या भगिनींनो, मतदार यादी घेऊन बसा, एकेक नाव मोजा, आडव्या बाटलीसाठी अर्ज करा आणि मतदानाच्या दिवशी कोणाची मजुरी बुडणार असेल तर ती वर्गणी काढून भरा. तरुणांनो, विहाराचे दार रोज संध्याकाळी उघडा, दोन वर्तमानपत्रे ठेवा, पोरांचा अभ्यास घ्या. पिणाऱ्याला हाकलू नका, त्याला शेजारी बसवा. आणि 14 एप्रिलच्या मिरवणुकीत पिऊन नाचणाऱ्याला आवरायची हिंमत आधी आपल्यात आणा, मग इतरांकडे बोट दाखवा.

31 जुलै 1937 च्या धुळे भेटीत बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामाला होते. दरवर्षी त्या दिवशी हजारो लोक तिथे जमतात. यंदा तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वस्तीतला एक पिणारा बंधू सोबत न्यावा, आणि तो शुद्धीत परत येईल याची जबाबदारी घ्यावी. सरकारचे दुकान कुठे हलते ते सरकार ठरवील. आपला माणूस कुठे हलतो, ते आपण ठरवू शकतो. जयभीम!