ई-वाहनाच्या घरगुती चार्जरसाठी वायरिंगचे नियोजन आधीच आवश्यक

नवी दिल्ली : विजेवर चालणारी मोटार खरेदी करताना ग्राहक वाहनाची किंमत आणि एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर बारकाईने पाहतात. मीटरपासून वाहनतळापर्यंत टाकावयाच्या केबलचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो. प्रत्यक्षात घरच्या चार्जिंगची सुरक्षितता प्रामुख्याने याच केबलवर अवलंबून असते.

घरातील गिझर किंवा पाण्याचा पंप भरपूर वीज घेतो. परंतु तो सहसा काही मिनिटेच चालतो. चार्जरचे तसे नाही. ३.३ किलोवॅटचा चार्जर सुमारे १५ अँपिअर, तर ७.२ किलोवॅटचा चार्जर सुमारे ३२ अँपिअर प्रवाह तासन्‌तास घेत राहतो. ३० युनिट क्षमतेची बॅटरी ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर पूर्ण भरण्यास नऊ ते दहा तास लागतात. सैल जोडणी किंवा बारीक तार थोड्या वेळाच्या वापरात निभावून जाते. रात्रभर प्रवाह सुरू राहिल्यास ती तापते, तिचे आवरण वितळते आणि आगीचा धोका निर्माण होतो.

नियोजनाची सुरुवात वीजबिलावरील मंजूर भारापासून करावी. मंजूर भार ५ किलोवॅट असलेल्या घरात दीड किलोवॅटचे वातानुकूलन यंत्र, दोन किलोवॅटचा गिझर आणि ३.३ किलोवॅटचा चार्जर एकाच वेळी सुरू झाल्यास मागणी ६.८ किलोवॅटवर जाते. अशा वेळी वितरण कंपनीकडून भार वाढवून घ्यावा किंवा चार्जिंग मध्यरात्रीनंतर करावे. ७.२ किलोवॅटच्या चार्जरसाठी मात्र भारवाढ अटळ ठरते.

केबलची जाडी अंतरावरही ठरते. बहुमजली इमारतीत मीटर आणि वाहनतळ यांत ४० मीटर अंतर असल्यास, ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये ३२ अँपिअर प्रवाहाला सुमारे ९ व्होल्टची घट येते. १० चौरस मिलिमीटरची केबल वापरल्यास ही घट साडेपाच व्होल्टच्या आसपास राहते आणि उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीजही कमी होते.

चार्जरसाठी वितरण फलकापासून स्वतंत्र सर्किट, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि उत्तम अर्थिंग आवश्यक आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक नसलेल्या गळतीप्रवाहाला वीज तोडणारे संरक्षक उपकरण बसवावे लागते. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असावे लागते आणि एक्स्टेन्शन वायर जोडण्यास मनाई आहे.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाहनमालकाला घरच्या विद्यमान जोडणीवरूनही चार्जिंग करता येते. वीजग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणीही मागता येते. गृहनिर्माण संस्थांतील रहिवाशांसाठी ही तरतूद विशेष उपयुक्त आहे. प्रत्येक सदस्याने स्वतंत्रपणे केबल ओढण्याऐवजी संस्थेने भविष्यातील मागणी गृहीत धरून सामाईक केबलमार्ग आखल्यास खर्च आणि धोका दोन्ही कमी होतात.

हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. पहिल्या काही चार्जिंगच्या वेळी प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागल्यास चार्जिंग त्वरित थांबवून जोडणीची तपासणी करून घेणे हिताचे ठरते.