न उघडलेला डबा

कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरावा लागतो आणि परत येताना चढावा लागतो. गेली आठ-नऊ वर्षे महिन्यातून दोनदा मी हे करतो आहे. चिपळूणला माझी थोरली बहीण एकटी राहते. ताईचे वय ७८. तिला दवाखान्यासाठी कराडला आणायचे, दोन दिवस ठेवून घ्यायचे आणि पुन्हा पोचवायचे, हे काम माझ्याकडे आहे. एस.टी.चे हेलकावे तिला सोसत नाहीत. माझा डावा गुडघा २०१६ सालीच कामातून गेला; घाटात क्लच दाबणे जमेना. म्हणून जुन्या बाजारातून एक ऑटोमॅटिक गाडी घेतली. मॉडेल २०१० चे, मी दुसरा मालक. क्लचचे पेडलच नाही, त्यामुळे डावा पाय आरामात. या गाडीवर आमचे भावा-बहिणीचे येणे-जाणे चालले आहे.

गेल्या वर्षी काटा १ लाख २८ हजार किलोमीटरवर आला आणि गाडी थरथरू लागली. पाटण मागे टाकून सपाट रस्त्याला लागले, की पन्नास-साठच्या वेगाला खालून गुरगुर येई; जणू रस्त्यावर आडव्या पट्ट्या आखल्या आहेत. सकाळी दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबे. ताई मागच्या सीटवरून म्हणाली, ‘‘अरे, हिला थंडी वाजते का रे?’’

हसलो खरा, पण रात्री झोप लागली नाही. गिअरबॉक्स गेला तर दुरुस्ती लाखाच्या पुढे, आणि गाडीची बाजारातली किंमत फार तर अडीच लाख. बँकेत ३७ वर्षे काढलेल्या माणसाला हा हिशेब कागदावर मांडावा लागत नाही.

चौकशी सुरू केली. आमचे नेहमीचे मिस्त्री म्हणाले, ‘‘साहेब, तो बंद डबा आहे. चालतंय तोवर हात लावू नका. जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदललं, की आठ दिवसांत गिअरबॉक्स बसतो.’’ एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काउंटरवरच्या मुलाने संगणकात पाहून सांगितले, की या गाडीचे ऑइल आयुष्यभराचे आहे, बदलायचेच नसते. मी विचारले, ‘‘आयुष्यभर म्हणजे कोणाच्या? माझ्या की गाडीच्या?’’ त्याने पुन्हा संगणकात पाहिले.

दोघांचा सल्ला एकच होता: उघडू नका. हा सल्ला मी पूर्वी ऐकला होता, बँकेत.

नरसिंहम समितीचा अहवाल १९९१ साली आला आणि १९९२-९३ पासून थकीत कर्जे ओळखण्याचे नवे नियम लागू झाले. तेव्हा मी एका तालुक्याच्या शाखेत अधिकारी होतो. तिथे एक जुने कॅश क्रेडिट खाते होते. दर मार्चअखेर त्याची मर्यादा थोडी वाढवायची आणि वाढलेल्या रकमेतून थकलेले व्याज जमा करून घ्यायचे, असे वर्षानुवर्षे चालले होते. कागदावर खाते ठणठणीत. नवे मॅनेजर आले, त्यांनी फाइल उघडली, गोदामात जाऊन माल पाहिला. माल नव्हताच. खाते बुडीत निघाले. मग गावभर बोलबाला झाला, की नव्या साहेबांनी चांगला खातेदार बुडवला. खाते कधीचेच बुडाले होते. साहेबांनी फक्त झाकण काढले. पण बोल लागला तो त्यांना.

गिअरबॉक्सचेही असेच तर होत नसेल? गाडी अडखळू लागली, की मालकाला तेलाची आठवण होते. तोवर आतले क्लच झिजलेले असतात. तेल बदलले काय, न बदलले काय, तो डबा जायचाच असतो. तो तेल बदलल्यानंतर जातो, म्हणून तेलाच्या नावाने खडे फोडायचे. आम्हा कादंबरीवाल्यांना ही खोड ठाऊक असते. एका प्रकरणानंतर दुसरे आले, की पहिल्यामुळेच दुसरे घडले असे वाचक धरून चालतो, आणि आम्ही त्याचा फायदा घेतो.

शेवटी ताईच्याच शेजाऱ्यांनी चिपळूणच्या एका कारागिराचे नाव सुचवले. सगळे त्यांना मस्कतवाले भाई म्हणतात. मस्कतच्या गॅरेजात त्यांनी १८ वर्षे ऑटोमॅटिक गाड्याच दुरुस्त केल्या. आखातात तशा गाड्या पूर्वीपासून भरपूर, आणि ऊन असे की तेलाची परीक्षा रोजच. आपल्याकडे हा प्रकार परवापरवापर्यंत श्रीमंतांचा होता. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि बिनक्लचची गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मात्र तिची जात निराळी. तिच्यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. माझ्या गाडीची तऱ्हा जुनी, टॉर्क कन्व्हर्टरची.

ही तऱ्हा भाईंनी मला दोन टेबलपंख्यांवर समजावली. समोरासमोर दोन पंखे ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. गाडीत वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाचा पंखा तेल फेकतो आणि त्या माऱ्याने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. जर्मन इंजिनिअर हेर्मान फ्यॉटिंगर यांनी १९०५ साली जहाजांसाठी ही कल्पना नोंदवली. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर गाड्यांत बसवला तो जनरल मोटर्सने, १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलांमध्ये. तेव्हापासून या तेलाकडे कामे अनेक: ताकद पोचवायची, दाब देऊन गिअर बदलायचे, उष्णता वाहून न्यायची, वंगण द्यायचे, आणि एवढे बुळबुळीत असूनही क्लचच्या चकत्यांना नेमकी पकड घेऊ द्यायची. ही शेवटची अट अवघड. त्यासाठी पूर्वी त्यात देवमाशाचे तेल घालत. १९७० च्या सुमारास अमेरिकेने देवमाशांना संरक्षण दिले आणि तेल कंपन्यांना दुसरी रसायने शोधावी लागली. ही रसायने उष्णतेने हळूहळू संपतात. ती संपली, की चकत्या एकसारखी पकड घेत नाहीत आणि गाडीला ताईच्या भाषेतली थंडी वाजू लागते.

भाईंनी आधी गाडी चालवून पाहिली. मग नळीने थोडे तेल काढून पांढऱ्या कागदावर टाकले, हुंगले. नवे तेल लाल असते. माझे गडद तपकिरी झाले होते, पण जळका वास नव्हता. ‘‘जळका वास येता, इंजिन ओरडता पण गाडी पुढे सरकत नसती, तर मी हात लावला नसता,’’ ते म्हणाले. ‘‘मग तेल बदलणं म्हणजे मेलेल्याला औषध.’’ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठीचे पाणी शिरलेल्या गाड्या त्यांच्याकडे आल्या होत्या. त्यांचे तेल गुलाबी दुधासारखे झाले होते. पाणी शिरले, की चकत्यांवरचे अस्तर सुटते. तिथे वाट पाहून चालत नाही.

मी मिस्त्रींचा मुद्दा काढला. जुन्या तेलात क्लचचा भुगा असतो, त्याच्याच आधाराने क्लच पकडतात म्हणे. भाई हसले. ‘‘जी गाडी भुग्यावर चालते, ती तशीही चार दिवसांची पाहुणी, साहेब. मात्र एक खरं. जुन्या गाडीला मशीन लावून सगळं तेल एकदम काढायचं नाही. जमलेली घाण सुटून बारीक वाटांत अडकते. थोडं थोडं बदलायचं.’’

खालचा नट काढला, की सगळे तेल बाहेर येत नाही. माझ्या गाडीत एकूण साधारण साडेसात लिटर, आणि एका वेळी निघते तीन. म्हणजे ४० टक्के. पहिल्या खेपेनंतर जुने तेल उरते ६० टक्के, दुसऱ्या खेपेनंतर ३६, तिसऱ्या खेपेनंतर जेमतेम २२. घटत्या शिल्लकीचा हा हिशेब मी आयुष्यभर कर्जदारांना समजावला होता. भाई तो बोटांवर सांगत होते.

काम करताना त्यांनी भरायच्या बाजूचा नट आधी सैल केला. तो गंजून बसला असेल आणि खालून तेल काढून बसलात, तर गाडी तिथेच उभी राहते. निघालेले तेल मापाच्या भांड्यात धरले, तेवढेच नवे भरले, आणि मग हँडबुकात दिलेल्या पद्धतीने, सांगितलेल्या तापमानाला पातळी तपासली. तेलही हँडबुकात दिलेल्याच नंबरचे. ‘सगळ्यांना चालते’ असे लिहिलेला स्वस्त डबा त्यांनी परत पाठवला. नटावरच्या चुंबकाला करडा, मऊ लगदा चिकटला होता. तो बोटाने चोळून ते म्हणाले, ‘‘ही वयाची खूण. धातूचे तुकडे असते, तर काळजी होती.’’ जुने तेल गटारात न ओतता त्यांनी पिंपात जमा केले; ते रीतसर नेणारे लोक असतात.

मी विचारले, ‘‘आणि तरीही गिअरबॉक्स गेला तर?’’

‘‘तर लोक मला बोलतील,’’ भाई म्हणाले. ‘‘तुम्ही बोलू नका म्हणजे झालं.’’

हजार-हजार किलोमीटरच्या अंतराने आम्ही तीन खेपा केल्या. पहिल्या खेपेनंतर फारसा फरक वाटला नाही. दुसरीनंतर थरथर कमी झाली. तिसरीनंतर पाटणच्या पुढचा रस्ता पुन्हा सपाट झाला. थंड सकाळी तिसऱ्या गिअरला अजून किंचित वेळ लागतो. तो लागणारच, झीज काही तेलाने भरून येत नाही. सगळ्या तेलाचा आणि मजुरीचा खर्च नव्या गिअरबॉक्सच्या खर्चापुढे किरकोळ होता. गाडी याच उपायाने किती वर्षे चालेल, हे भाईंनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

घरी येऊन हँडबुक पहिल्यांदा नीट वाचले. मागच्या पानांवर ‘कठीण वापर’ असे एक सदर होते. घाट, कडक ऊन, शहरातली गर्दी असेल तर गिअरबॉक्सचे तेल ठरावीक किलोमीटरला बदलावे, असे तिथे स्पष्ट छापले होते. आपल्याकडची कुठली गाडी या सदरात बसत नाही? पण पहिल्या मालकाने ते पान वाचले नव्हते आणि आठ वर्षे मीही नाही. जुनी ऑटोमॅटिक घेणाऱ्याने पहिल्याच महिन्यात विचारावे, की हे तेल शेवटचे कधी बदलले. उत्तर मिळाले नाही, तर बदललेले नाही असे समजावे. आणि डबा उघडायचा तो गाडी नीट चालते आहे तेव्हाच.

परवा ताईला आणायला गेलो. घाट चढून गाडी कोयनानगरच्या अलीकडे आली, तोवर ती गप्प होती. मग म्हणाली, ‘‘आज हिची थंडी गेली वाटतं.’’ मी तिला तेलाची सगळी हकिकत सांगू लागलो. तीन खेपा, ४० टक्के, घटती शिल्लक. पाटण येईपर्यंत तिला झोप लागली होती.