पाच किलोमीटर खाली जायचंय? आधी जमिनीवर पास व्हा!

आजचा विषय: बुडालेल्या जहाजातला माल वर काढणारी यंत्रं, आणि ती पाण्यात सोडण्याआधीची टेस्टिंग.

2 ऑक्टोबर 1942 ला ‘सिटी ऑफ कैरो’ हे जहाज मुंबईहून निघालं. पोटात सुमारे 100 टन चांदीचे रुपये, जायचं होतं इंग्लंडला. 6 नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. शंभरावर माणसं गेली आणि चांदी 5,150 मीटर खाली जाऊन बसली. 2011 मध्ये जहाज सापडलं, 2013 पर्यंत यंत्रांनी कित्येक टन चांदी वर आणली.

आता तिथला दाब बघा. मी वेरूळचा, म्हणून उदाहरण गावातलंच. कैलास लेणं साधारण 30 मीटर खोल कोरलंय. ते काठोकाठ पाण्याने भरलं, तर तळाशी पाण्याचा दाब होईल 3 बार. त्या जहाजापाशी तो 500 बारच्या वर! म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर अर्ध्या टनाहून जास्त भार.

आमच्या कोडिंगमध्ये बग आला तर पॅच टाकता येतो. तिथे खाली कोण जाणार? म्हणून यंत्राचे भाग आधी प्रेशर चेंबरमध्ये, म्हणजे जाड पोलादी टाकीत ठेवतात. पाणी भरून पंपाने दाब चढवतात, समुद्रात लागेल त्याहून थोडा जास्तच. मग तासन्‌तास बघायचं: सील गळतंय का, कॅमेऱ्याची काच टिकते का. काही डब्यांत हवेऐवजी तेल भरतात. तेल फारसं दबत नाही, त्यामुळे आतबाहेरचा दाब सारखा राहतो आणि डबा चेपत नाही.

पण एकदा पास म्हणजे कायमचं पास नाही. ‘टायटन’ पाणबुडी टायटॅनिकपर्यंत आधी जाऊन आली होती. तरी जून 2023 मध्ये ती पाण्यातच चिरडली, पाच जण गेले. म्हणून दाब चढवा, उतरवा, पुन्हा चढवा, आणि दर वेळी कवच तपासा.

आपल्या ‘मत्स्य 6000’ मध्ये तर तीन माणसं बसून 6,000 मीटर खाली जाणार आहेत. 2025 च्या सुरुवातीला चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली बंदरात तिच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. “एवढा वेळ का लागतोय?” असं कुणी विचारलं, तर त्याला हा एपिसोड पाठवा. भेटू पुढच्या वेळी!