टेस्टोस्टेरॉन कुणाचे? मूत्राच्या नमुन्यातील स्टेरॉइडांची पारख

खेळाडूच्या मूत्रात टेस्टोस्टेरॉन सापडणे हा दोषाचा पुरावा नव्हे, कारण हे संप्रेरक स्त्री-पुरुष दोघांचेही शरीर स्वतःच घडवत असते. ते बाहेरून घेतले का, हा खरा प्रश्न आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने 2019 मध्ये ‘नाडा’ची, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेची, कक्षा मान्य केल्यापासून जयपूरच्या सवाई मानसिंह स्टेडियमवर खेळणारा क्रिकेटपटूही या प्रश्नाच्या आवाक्यात आला आणि त्याचे उत्तर शोधणारी, ‘वाडा’ या जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेची मान्यता असलेली देशातील प्रयोगशाळा दिल्लीत आहे. मे महिन्यात जयपूरचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि अशा उष्म्यात नमुना राहिल्यास त्यातील जिवाणू स्टेरॉइडांची रचनाच बदलू शकतात, म्हणून प्रयोगशाळा या बिघाडाच्या खुणाही तपासते.

यकृत स्टेरॉइडांना ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देऊन पाण्यात विरघळण्याजोगे करते. ही जोड विकराने तोडून, सुटलेली स्टेरॉइडे सेंद्रिय द्रावकात उतरवून आणि त्यांना सहज बाष्प होणारे रूप देऊन ती वायुवर्णलेखन यंत्राच्या लांब, बारीक नळीत सोडतात. नळीतून ती वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि वस्तुमान वर्णपटमापक त्यांच्या तुकड्यांच्या वस्तुमानावरून त्यांची ओळख पटवतो.

मात्र नुसते प्रमाण पुरेसे नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ मानफ्रेड डोनिके यांनी रूढ केलेल्या कसोटीत टेस्टोस्टेरॉनची तुलना एपिटेस्टोस्टेरॉनशी होते. रचना जवळपास तीच, पण परिणाम नाही, असे हे संयुग बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे वाढत नाही, म्हणून दोहोंचे गुणोत्तर चारच्या वर गेले की संशय येतो. पण पूर्व आशियातील अनेकांत टेस्टोस्टेरॉनला ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देणाऱ्या विकराचे जनुकच नसते आणि त्यांचे गुणोत्तर औषध घेतल्यावरही खालीच राहू शकते. या उणिवेवर उपाय म्हणून 2014 पासून खेळाडूच्या नमुन्याची तुलना त्याच्याच आधीच्या नमुन्यांशी केली जाते, आणि हा बदल न्याय्य आहे.

निर्णायक पुरावा कार्बनचा. औषधी टेस्टोस्टेरॉन बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतींतील स्टेरॉलपासून बनते आणि त्यात कार्बन-13 हे जड समस्थानिक कमी असते. बाजरी, ज्वारी, मका व ऊस यांत ते अधिक असते. बाजरी खाणाऱ्या राजस्थानी शरीराचा कार्बन म्हणूनच गहू-तांदळावर वाढलेल्या शरीराहून काहीसा वेगळा असू शकतो. त्यामुळे प्रयोगशाळा सर्वांना एकच आकडा लावत नाही, तर त्याच मूत्रातील प्रेग्नेनडायोल या टेस्टोस्टेरॉनच्या औषधाने न बदलणाऱ्या स्टेरॉइडाशी टेस्टोस्टेरॉनचा कार्बन ताडून पाहते.