एकच माती, दोन हिशेब

शेजारी देशांची माती, हवा आणि पिके पुष्कळदा सारखीच असतात. तरी एका देशात स्वास्थ्य नांदते आणि दुसऱ्यात माणूस उद्याच्या चिंतेत असतो. याचे कारण कोणी निसर्गात शोधतो, कोणी लोकस्वभावात. ते बहुधा राज्यकारभाराच्या नियमांत असते. हे पाहण्यास परदेशी जाण्याची गरज नाही. गोंदिया जिल्ह्याची सीमा पुरेशी आहे.

आजचा गोंदिया ज्यात होता तो भंडारा जिल्हा, बालाघाट आणि दुर्ग हे १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. पुढे भंडारा मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. २००० साली छत्तीसगड राज्य निर्माण झाले. शेत तेच, धानही तेच. हिशेब मात्र वेगळे झाले.

२०२४-२५ च्या खरीप हंगामात साधारण धानाचा हमीभाव सर्वत्र क्विंटलला २,३०० रुपये होता. छत्तीसगडने त्यात भर घालून एकरी २१ क्विंटलपर्यंत ३,१०० रुपये भाव दिला. महाराष्ट्राने वजनावर नव्हे, तर जमिनीवर बोनस ठरविला: हेक्टरी २०,००० रुपये, तोही दोन हेक्टरांपर्यंत. एकरी २१ क्विंटल धान धरल्यास तिकडे ६५,१०० रुपये होतात, इकडे बोनससह सुमारे ५६,४००. मात्र पीक कमी आले, तर जमिनीवरचा बोनस शेतकऱ्याला सावरतो.

भाव जिकडे चढा, तिकडे माल ओढला जातो, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. म्हणूनच खरेदीच्या हंगामात छत्तीसगडच्या सीमेवर तपासणी नाकी उभी राहतात.

बाघ नदीची गोष्ट निराळी आहे. कालीसराड, पुजारीटोला व शिरपूर या धरणांचे पाणी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ठरलेल्या वाट्याने घेतात. सुरक्षिततेचेही तसेच. माओवाद्यांनी तिन्ही राज्यांच्या सीमाभागासाठी एकच विभाग उभारला होता. पोलिसांना हद्द होती, त्यांना नव्हती. म्हणून तिन्ही राज्यांच्या पोलिसांना एकमेकांच्या साहाय्याने काम करावे लागले.

गोंदियाची राईस मिल, तिथला हमाल आणि धान पिकविणारा शेतकरी यांचे वर्ष शेजारच्या राजधानीत ठरलेल्या भावानेही बदलते. पाण्याचा वाटा जसा एकत्र बसून ठरला, तशी धानखरेदीची रीतही शेजाऱ्यांनी हंगामापूर्वी एकमेकांशी बोलून ठरवावी. तसे झाल्यास नाक्यांची गरज उरणार नाही आणि प्रामाणिक व्यापाऱ्याच्या गाडीकडे संशयाने पाहिले जाणार नाही.